इन, ऑन आणि ‘अंडर कन्सिडरेशन’

गाळलेली जागा भरा: ‘ही इज गुड ____ मॅथ्स.’ इथे मराठी माध्यमातल्या पोराची पेन्सिल हमखास अडते. गणितात हुशार, म्हणजे ‘इन’, एवढं त्याला पक्कं ठाऊक. बाई लाल शाईने ‘अ‍ॅट’ लिहितात. का? तसंच असतं. मग ‘इंटरेस्टेड’च्या पुढे ‘इन’ कसं चालतं? तेही तसंच असतं. पूर्वी हे उत्तर ऐकायला पाचवीपर्यंत थांबावं लागे. २००० सालापासून राज्यात पहिलीलाच इंग्रजी आलं आणि ‘तसंच असतं’ चार वर्षं आधी मिळू लागलं.

मराठी ‘वर’ आणि ‘खाली’ गरीब बिचारे. नामाच्या शेपटीला चिकटतात आणि दिलेलं काम करतात. इंग्रजीतले त्यांचे भाऊबंद नामाच्या पुढे मिरवतात, आणि क्रियापदाच्या संगतीला लागले की रंगच बदलतात. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ‘लुक डाउन अपॉन’ म्हणजे तुच्छ लेखणं, ‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे आतुरतेने वाट पाहणं. ‘डिस्कस’ला तर ‘अबाउट’ मुळीच खपत नाही. रात्री नऊच्या वाहिन्या हा नियम कटाक्षाने पाळतात: चर्चा असते, कशाविषयी ते नसतं.

बरं, साहेबाचं तरी आपसात जमतं का? ब्रिटिश माणूस ‘अ‍ॅट द वीकेंड’ आराम करतो, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. फॉर्म ‘फिल इन’ करा की ‘फिल आउट’, भरायचा तेवढाच. जॉन ड्रायडन या कविराजांनी १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं म्हणून नाक मुरडलं, आणि मग स्वतःच्याच जुन्या पुस्तकातली तसली वाक्यं दुरुस्त करत बसले. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी त्या नियमापायी छड्या खाल्ल्या.

स्पोकन इंग्लिशचे क्लासवाले यावर लॅमिनेशन केलेला तक्ता विकतात. तक्ता भिंतीवर राहतो, इंग्रजी तिथंच. कारण हे प्रयोग सुटे करून पाठ होत नाहीत. अख्खे, रोजच्या वापरातून तोंडात बसतात. आणि त्याचा सर्वोत्तम, तोही बिनफीचा क्लास म्हणजे आपली सरकारी कचेरी.

दारावरचा शिपाई बघा. ‘साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत.’ चूक काढून दाखवा! कंपनी सरकारच्या काळात साहेबाची नेमणूक असे ते त्याचं स्टेशन. तिकडे विलायतेत हा प्रयोग आज कुणाला कळणार नाही, इथे तालुक्याच्या गावीही तो सुखाने नांदतोय. आत जा. ‘मॅडम ऑन लीव्ह.’ कुणी ‘इन लीव्ह’ म्हणालेलं ऐकलंय? ‘अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल पाठवा.’ ‘फाईल पुट अप केलीय.’ ‘मॅटर अंडर कन्सिडरेशन आहे.’ यातला ‘अंडर’ तर शब्दशः खरा: तुमची फाईल खरोखरच दहा फायलींच्या खाली असते. ज्याला दहावीला इंग्रजीत जेमतेम पस्तीस पडले, तो इथे एकही अव्यय न चुकता तुम्हाला परत पाठवतो.

या घराण्यातली सर्वांत गुणी चीज म्हणजे ‘इन प्रिन्सिपल’. मराठीत ‘तत्त्वतः’. जून २०१७ मध्ये शेतकरी संपावर गेले, तेव्हा सरकारने सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. पाठोपाठ ‘निकष’ आले, आणि महिना सरायच्या आत दीड लाखाची मर्यादाही आली. सरसकट, तत्त्वतः, निकष: तीन शब्दांत अख्खा राज्यकारभार शिकवणारा असा धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. मान्यताही द्यायची आणि हातही मोकळा ठेवायचा, हे ‘येस’ आणि ‘नो’ यांच्या आवाक्यातलं काम नव्हे.

तेव्हा क्लासवाल्यांनी तक्ते गुंडाळावेत आणि पोरांना एक दिवस तहसील कचेरीच्या बाकड्यावर बसवावं. दाखला मिळणार नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात सर वही मागतील तेव्हा शेवटच्या बाकावरून बिनचूक उत्तर येईल: ‘सर, होमवर्क इन प्रिन्सिपल झालाय.’