आलं का? गेलं!

टीव्हीला मुंग्या आल्या की मराठी कुटुंबप्रमुख पहिल्यांदा काय करतो? गच्चीवर जातो. टीव्हीच्या मागे जात नाही. टीव्हीच्या मागे धूळ असते, कोळिष्टकं असतात, गेल्या दिवाळीत हरवलेली कात्री असते आणि मुख्य म्हणजे तिथे वाकावं लागतं. गच्चीवर कसं, वारा असतो, शेजारपाजार बघत असतो आणि माणसाला कमरेवर हात ठेवून ताठ उभं राहता येतं. बिघाड खाली असला तरी चौकशी वरून सुरू करायची, हा आपला प्रघात सरकारी कचेरीत जन्मला की अँटेनाच्या दांड्याशी, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. नळाला पाणी येत नाही म्हणून वॉशर न बघता थेट खडकवासल्याला जाऊन धरण पाहून यावं, तसला हा प्रकार.

पुण्याचंच घ्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे ते कार्यक्रम पुण्याला सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मिळू लागले. आता सिंहगड काही लपून बसलेला नाही. हवा स्वच्छ असली की गड दिसतो, गडावरचा मनोराही दिसतो. अँटेनाचं तोंड एकदा तिकडे करावं, नट आवळावा आणि खाली येऊन चहा घ्यावा. गड हलत नाही, मनोरा हलत नाही. तरीही रविवार उजाडला की पुणेकर अँटेना फिरवायला वर हजर. कोणी ती पर्वतीकडे करी, कोणी विमानतळाकडे. एखादा बुद्धिमान गृहस्थ थेट मुंबईकडे करी, कारण 'मूळ केंद्र तिकडे आहे, मधल्या दलालाकडून कशाला घ्यायचं?'

या कामाची यंत्रणा मात्र चोख होती. गच्चीवर आप्पा, जिन्याच्या वळणावर थोरला, दारात धाकटी आणि टीव्हीसमोर, पोळ्या अर्धवट टाकून आलेली आई.

"आलं का?"

"थोडं आलं!" आई सांगते. धाकटीकडून थोरल्याकडे आणि थोरल्याकडून वर जाईपर्यंत त्यातलं 'थोडं' गळून पडतं. आप्पांना ऐकू येतं, "आलं!" ते नट आवळतात.

"गेलं!"

"आत्ता तर आलं म्हणालात!"

"मगाशी होतं तसं करा!"

"मगाशी म्हणजे कधी?"

"पहिल्यापेक्षा नंतरचं!"

या एका सूचनेवर जगातला कुठलाही अभियंता काम करू शकणार नाही, पण आप्पा करतात. सगळ्या साखळीत चित्र प्रत्यक्ष दिसतं ते फक्त आईला आणि तिलाच विचारायचं नसतं, तिच्याकडून फक्त अहवाल घ्यायचा असतो. "अहो, मागची ती पिन हलतेय" हे तिने सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं, "पिनचा काही संबंध नाही, हा दिशेचा प्रश्न आहे."

शिवाय अँटेनाला हात लावला की चित्र लख्ख, हात काढला की पुन्हा मुंग्या. यात चमत्कार नाही. माणसाचं शरीर बहुतांशी खारं पाणी, त्यातून वीज वाहते. अँटेनाला खेटून उभा राहिलेला माणूस अँटेनाचाच एक भाग होऊन बसतो. म्हणून १९८७ साली 'रामायण' लागलेलं असताना अनेक घरांतला कर्ता पुरुष दांडा धरून गच्चीवर उभा होता. एका अर्थाने वनवासच.

ज्या काड्यांशी हा खेळ चालायचा, त्यांची कुळकथा मजेशीर आहे. १९२६ च्या सुमारास जपानच्या तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा या तरुण संशोधकाने ही अँटेना प्रयोग करकरून उभी केली. त्याच्या प्राध्यापकांचं नाव हिदेत्सुगु यागी. जगाने नाव लक्षात ठेवलं ते यागींचं. पीएच.डी. करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे १९४२ मध्ये जपानी सैन्याने सिंगापूर घेतलं, तेव्हा हाती लागलेल्या ब्रिटिश कागदांत 'यागी' असा शब्द वारंवार दिसू लागला. याचा अर्थ काय, असं पकडलेल्या इंग्रज तंत्रज्ञाला विचारलं, तर तो म्हणाला, अहो, ही तुमच्याच माणसाची अँटेना! अशी ती गोष्ट सांगतात. घरातलं घरात ठाऊक नसणं ही फक्त आपलीच खासियत नव्हे, एवढाच दिलासा.

या अँटेनात मागची काडी सगळ्यांत लांब, ती लहरी परतवते. तिच्यापुढे वळवून जोडलेली काडी, वायर तिलाच लागते. पुढच्या आखूड काड्या लहरींना वाट दाखवतात, म्हणजे आखूड बाजू मनोऱ्याकडे हवी. आमच्याकडे कित्येक अँटेना वर्षानुवर्षं पाठ करून उभ्या होत्या. मात्र काड्या किती हे लोक बरोब्बर मोजत. शेजाऱ्यांची सात काड्यांची असेल तर आपली नऊची. मनोरा नजरेच्या टप्प्यात असलेल्या माणसाला नऊ काड्यांची गरज काय, हा प्रश्न विचारायचा नसतो. नऊतोळी पाटल्यांबद्दल विचारतो का आपण?

खरं म्हणजे टीव्ही आपलं दुखणं स्वतःच सांगत असे. नुसत्या मुंग्या म्हणजे सिग्नल क्षीण. आडवे ठिपक्यांचे पट्टे म्हणजे जवळपास ठिणग्या उडताहेत, खाली कोणीतरी स्कूटर चालू करतंय किंवा शेजारी चटणी वाटताहेत. आणि एका निवेदिकेच्या दोन झाल्या, तर लहर दोन वाटांनी आली आहे. एक सरळ आणि दुसरी डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून. आपटून येणारी लहर ३०० मीटर जास्त फिरली, तर तिला एक मायक्रोसेकंद उशीर होतो. तेवढ्यात पडद्यावर रेषा आखणारा किरण पुढे सरकलेला असतो, त्यामुळे वीस इंची टीव्हीवर दुसरी निवेदिका पहिलीच्या उजवीकडे साधारण पाऊण सेंटीमीटरवर उभी राहते. म्हणजे मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी पडद्यावर धरली असती, तर गुन्हेगार इमारत किती लांब आहे याचा अंदाज घरबसल्या लागला असता. पण पट्टी कोणी धरली नाही. "समोरच्यांनी मजला चढवला तेव्हापासून हे सुरू झालं," एवढं शास्त्र भांडणाला पुरेसं होतं.

मग यायचा बूस्टर. आहे तो सिग्नल मोठा करणं हे त्याचं काम आणि सिग्नलबरोबर मुंग्याही मोठ्या करणं हा त्याचा प्रामाणिकपणा. त्याला बसवायचं असतं वर, अँटेनापाशी, म्हणजे वायरमध्ये कचरा मिसळण्याआधी तो कामाला लागतो. आम्ही तो बसवला खाली, टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालावर, प्लास्टिकच्या फुलांशेजारी. कारण पैसे देऊन आणलेली वस्तू गच्चीवर ठेवली तर पाहुण्यांना दिसणार कशी? वायर चपटी असेल तर ती लोखंडी पाइपापासून चार बोटं लांब हवी. ती सुतळीने पाइपालाच करकचून बांधली. पावसात भिजली की चित्र गेलं, मग पावसाला बोल लावला.

आणि शेवटी, सगळे उपाय थकल्यावर, कॉलनीतला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला येई. हा माणूस गच्चीकडे बघतसुद्धा नसे. टीव्ही पुढे ओढायचा, मागची पिन काढायची आणि उजेडात धरायची. मधली तांब्याची तार हिरवट पडलेली. तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर बारीक तारांची जाळी आणि त्या जाळीतला केसाएवढा एक तंतू वाकून मधल्या तारेला टेकलेला. तेवढ्या तंतूने सिंहगड आणि दिवाणखाना यांचा संबंध तोडलेला असे. तो ब्लेडने तार खरवडायचा, तंतू मागे वळवायचा आणि पिन बसवायचा. दोन मिनिटांचं काम. आप्पा पैसे देताना हमखास म्हणायचे, "दिशा मी आधीच बरोबर करून ठेवली होती."

आता काळ बदलला, असं म्हणतात. २०२२ पर्यंत दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक मोजकी ठिकाणं वगळता बंद झाले. काड्यांवर आता कावळे बसतात आणि दांड्याला कपड्यांची दोरी बांधलेली असते. त्याच्याशेजारी छत्री आली. दूरदर्शनची फ्री डिश ज्या उपग्रहावरून येते, तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातून बघायचं तर आग्नेयेला. वास्तुशास्त्रात आग्नेय म्हणजे स्वयंपाकघर, त्यामुळे छत्री ईशान्येला हलवता येईल का, अशी विचारणा करणारे गृहस्थ आहेत. उपग्रह हलवता येईल का, एवढंच विचारायचं बाकी आहे.

पण मूळ प्रघात तसाच. धो धो पावसात चित्र गोठलं तर समजू शकतो, त्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, मोठ्या सरीत त्यांचा जोर खरोखरच ओसरतो. समोरचं नारळाचं झाड छत्रीच्या नजरेआड आलं असेल, तेही खरं. पण लख्ख उन्हात 'नो सिग्नल' आलं की लगेच, "सॅटेलाइट खराब झालाय!" आप्पांनी निदान सिंहगडावर संशय घेतला होता. त्यांचा मुलगा थेट अंतराळावर घेतो, आणि फोनवरची मुलगीही त्याला "सर, वरूनच प्रॉब्लेम आहे" असं सांगून धीर देते. बॉक्सच्या मागे हाताने पिळून बसवलेली पिन सैल आहे, हे आजही फक्त घरातल्या बाईला माहीत असतं. झाडू मारताना तीच ती हलवते आणि तीच पुन्हा बसवते.

तेव्हा वाचकहो, यंदा चित्र गेलं की एवढं करा. टीव्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पिन काढा, पुसा, तार खरवडा, घट्ट बसवा. बूस्टर किंवा फाटे असतील तर काढून एकदा सरळ वायर लावून बघा. एवढं करूनही नाहीच आलं, तर खुशाल गच्चीवर जा. किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते नेमके गावाला गेलेले असतात.