अर्जदार

एम.टेक. झालं की मुलाला नोकरी लागते किंवा त्याचं लग्न ठरतं, अशी आमच्या सोसायटीची समजूत होती. ती शेजारच्या चिरंजिवांनी मोडीत काढली. ते अमेरिकेत पीएच.डी.ला अर्ज करतात. पीएच.डी. करणं हा निराळा उद्योग. हे अर्ज करतात.

विषय मेकॅनिकलचा. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तापू नये म्हणून काय करावं, यावर एम.टेक.चा प्रबंध. पण त्याबद्दल विचारलंत तर दोन वाक्यांत आटपतो. तिकडच्या कुठल्या प्राध्यापकाला किती ग्रँट मिळाली आणि ती कधी संपते ते विचारा, खुर्ची ओढून बसतो. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या संकेतस्थळावर हे कुणालाही पाहता येतं, आणि पाहणं अगदीच खुळेपणाचं नाही. तिथे इंजिनीअरिंगच्या पीएच.डी.वाल्याची फी आणि स्टायपेंड बहुतेकदा प्राध्यापकाच्या ग्रँटमधून निघतो. ग्रँटच आटली, तर तुमचे गुण घेऊन त्यांनी काय करायचं? म्हणून हा वधूपित्याच्या चिकाटीने चौकश्या करतो. कुणाकडे किती विद्यार्थी, त्यातला कोण सहाव्या वर्षी अडकलाय, कुणाला अजून टेन्युअर, म्हणजे कायमची नेमणूक, मिळायचीय. सख्ख्या मामाला मुलं किती, हे मात्र आईला विचारतो.

एक्सेल शीटमध्ये तीन रंग : ॲम्बिशस, मॉडरेट, सेफ. सेफमध्ये पर्ड्यू आहे. (पर्ड्यूला कृपया कळवू नये.) शेवटच्या रकान्यात 15 एप्रिल, फेलोशिपसकट आलेल्या प्रवेशाला हो-नाही कळवायची तिथली रूढ तारीख. तो रकाना आधीच हिरवा करून ठेवलाय. स्टॅनफर्डची अर्ज फी 125 डॉलर. "एवढ्या पैशात नकार येतो, तोही ई-मेलने," असं त्याचे वडील म्हणतात. जीआरई या प्रवेशपरीक्षेत 340 पैकी 327 मिळवले, तर बऱ्याच विभागांनी जीआरई मागणंच सोडलेलं. तेव्हापासून तो आकडा दूधवाल्यालाही ठाऊक आहे.

स्टेटमेंट ऑफ पर्पजला बालपण लागतं, असं त्याला कुणी सांगितलं देव जाणे. रोबोटिक्सच्या प्रयोगशाळेसाठी त्याने सातव्या वर्षी खेळण्यातली मोटार उघडली. ज्वलनाच्या प्रयोगशाळेसाठी त्याच वर्षी तो स्टोव्हच्या ज्योतीकडे टक लावून बसला. मिक्सर उघडल्याचं मात्र खरं आहे. आई म्हणाली, "उघडलास ते लिहितोस, तर जोडायला किती पैसे पडले तेही लिही."

खरी प्रतिभा दिसली ती शिफारसपत्रांत. पत्रं तीन लागतात, आणि तिन्ही सरांचं उत्तर एकच : "तूच लिहून आण, मी बघतो." मग हा तीन माणसं झाला. एका सरांची वाक्यं लांबलचक, दुसऱ्यांना 'हार्डवर्किंग'खेरीज विशेषण सुचत नाही, तिसऱ्यांच्या इंग्रजीत 'द' कधीच नसतो. तिसऱ्या पत्रातले सगळे 'द' त्याने शोधून शोधून काढले. तिन्ही सरांनी सर्वोत्तम म्हटलं तर संशय येईल, म्हणून तिसऱ्या पत्रात स्वतःला पहिल्या दहा टक्क्यांत ढकललं. त्या सरांनी ते पत्र चष्मा पुसून वाचलं आणि विचारलं, "हुशार दिसतो मुलगा. कुठल्या बॅचचा?" पुढे अर्जातच एक चौकट येते : हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडत आहे. 1974च्या एका अमेरिकी कायद्याने तो हक्क विद्यार्थ्याला दिलेला आहे. स्वतः रात्री जागून लिहिलेली पत्रं कधीही न पाहण्याचं वचन त्याने गंभीरपणे दिलं.

मुदत 15 डिसेंबर, तिथल्या पूर्व किनाऱ्यावर रात्री 11:59. म्हणजे आपल्याकडे 16 तारखेला सकाळी 10:29. शेवटचा अर्ज 10:20ला गेला. उरलेली नऊ मिनिटं तो स्वल्पविराम आठवत होता.

जानेवारीच्या अखेरीस एका प्राध्यापकाचा मेल आला : उद्या अर्धा तास बोलू या, तुमच्या प्रबंधाबद्दल ऐकायला आवडेल. पोरगा पांढराफटक पडून माझ्याकडे आला.

"अरे, आनंदाची गोष्ट ना ही?"

"काका, त्यांच्या कामाबद्दल विचारा, तासभर बोलतो. माझं काय होतं, ते एकदा वाचून बघावं लागेल."