स्लॉट मिळाला का?

लास वेगासला जाऊन जुगार न खेळता परत आलेली मराठी माणसं पुष्कळ भेटतात. ‘आम्ही हातसुद्धा लावला नाही,’ असं ती छाती फुगवून सांगतात. मला पूर्वी त्यांच्या संयमाचं कौतुक वाटायचं. स्वतः जाऊन आल्यापासून कळलं, की तिथे पोचेपर्यंत माणसाचे इतके डाव खेळून झालेले असतात, की मशीनचं बटण दाबायलाही बोटात जोर उरत नाही.

पहिला डाव व्हिसाचा. अर्जाचे 185 डॉलर आधी भरायचे. व्हिसा मिळो न मिळो, ते गेले. मग मुलाखतीचा स्लॉट. तीन महिने आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘कसे आहात?’ हा प्रश्न बंद होता. ‘स्लॉट मिळाला का?’ एवढंच. पहाटे साडेतीनला उठून मी लॅपटॉपपुढे बसायचो, पान रिफ्रेश करायचो, काही लागायचं नाही, पुन्हा करायचो. वेगासच्या स्लॉट मशीनपुढे बसलेले लोक नेमकं हेच करतात, पण त्यांना खेळता खेळता फुकट पेय तरी आणून देतात. मला आतून आवाज आला, ‘अहो, या वेळी चहा मिळणार नाही. झोपा.’

दुसरा डाव तिकिटाचा. मुंबईहून वेगासला थेट विमान नाही, त्यामुळे पर्याय ढीगभर आणि प्रत्येकाचा भाव तासातासाला वेगळा. ‘या दरात दोनच सीट शिल्लक’ असं लाल अक्षरांत. थांबलो, तर आठ हजारांनी वाढलं. घाबरून काढलं, तर दुसऱ्या दिवशी उतरलं.

तिसरा डाव कनेक्शनचा. अमेरिकेत जिथे पहिलं पाऊल पडतं तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा उतरवून घ्यायच्या, कस्टम्समधून काढायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा पट्ट्यावर टाकायच्या. ‘दोन तास पुरतील ना रे?’ मी तिकडे असलेल्या मुलाला विचारलं. ‘रांगेवर आहे, बाबा.’ म्हणजे नशिबावर.

चौथा डाव भाजणीचा. अमेरिकेच्या विमानात केबिन बॅगेत 350 मिलिलिटरच्या वर पूड दिसली, तर ती वेगळी काढून तपासतात आणि शंका आली तर नेऊ देत नाहीत. सबब थालीपीठाची भाजणी मोठ्या बॅगेत गेली आणि बॅग 23 किलोंच्या पलीकडे. ती उचलून मी बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभा राहिलो, मग बॅगेशिवाय उभा राहिलो, वजाबाकी केली. साडेतेवीस. ‘श्वास सोडून उभे राहा,’ बायको म्हणाली. भाजणी राहिली, माझे बूट बाहेर आले.

आता त्या बदनाम जुगाराचं पाहा. नेवाडा राज्याने 1931 साली तो कायदेशीर केला. रूलेटच्या अमेरिकी चाकावर घरं 38. तुमचं घर लागलं तर नफा एकाला पस्तीस. म्हणजे शंभर लावले तर सरासरी सव्वापाच मालकाचे. लुटतात, पण किती लुटणार ते चाकावरच मांडून ठेवतात. तिकिटाच्या, व्हिसाच्या आणि रांगेच्या चाकाला घरं किती, हे आजवर कुणी सांगितलंय?

बरं, एवढं करून पोचलात तरी लास वेगासला पोचलात असं नाही. कॅसिनोंचा तो झगमगता रस्ता, म्हणजे स्ट्रिप, बहुतांशी शहराच्या हद्दीबाहेर आहे. त्या वस्तीचं नाव पॅराडाइज. स्वागताची ती जगप्रसिद्ध पाटीसुद्धा हद्दीबाहेरच. डोंबिवलीत राहून ‘मुंबईला असतो’ म्हणणाऱ्या माझ्या मेव्हण्याला हे ऐकून फार बरं वाटलं.

आम्ही उतरलो तेव्हा पाय सुजलेले, घड्याळ साडेबारा तास मागे. गेटमधून बाहेर पडतो तोच समोर स्लॉट मशीनची रांग. वेगासच्या विमानतळावरही ती असतात. मी काही बोलायच्या आत बायको थबकली.

‘अहो, बघा,’ ती म्हणाली, ‘इथे किती स्लॉट रिकामे पडलेत!’