रंग : काळपट

गाडीच्या काचेवर कॅमेरा लावायला आपल्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. १९८८चा मोटार वाहन कायदा खासगी गाडीत डॅशकॅम लावा म्हणत नाही, लावू नका असंही म्हणत नाही. या उदासीनतेला भुलून मी तो लावला. तेव्हापासून तो इमानेइतबारे पुढच्या टेम्पोची मागची बाजू टिपतो. आवाजही टिपतो, त्यामुळे माझी सासुरवाडीबद्दलची मतं आता तारीखवार उपलब्ध आहेत. (तारीख चुकीची असते. गाडी उन्हात तापली की त्याचं घड्याळ १ जानेवारीवर जातं.)

मग एक रिक्षा उलट्या दिशेने आली आणि आरसा घेऊन गेली. आरशाचं दुःख होतंच, पण पुरावा हाती आल्याचा आनंद मोठा होता. चौकीतले साहेब म्हणाले, "व्हॉट्सअ‍ॅप करा." केलं. वकिली करणाऱ्या मेहुण्याने कपाळाला हात लावला. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे फाइलचं हॅश मूल्य (तिच्या बोटाचा ठसा म्हणा) बदलतं. आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात नेमकं तेच लिहायचं असतं.

प्रमाणपत्राचे दोन भाग. पहिला मी भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. माझ्या भागात उपकरणाची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि रंग विचारला आहे. न्यायदानात कॅमेऱ्याच्या रंगाचं महत्त्व मला मान्य आहे. मी 'काळा' लिहिलं. बायको म्हणाली, उन्हाने विटलाय. उगाच खोटं नको म्हणून 'काळपट' केलं. खाली, उपकरण त्या काळात व्यवस्थित चालत होतं, यावर सही करायची होती. व्हिडिओवर अर्थातच १ जानेवारी होती. तज्ज्ञ म्हणून माझ्या ओळखीत कॅमेरा बसवून देणारा पोरगा तेवढा आहे.

सरकारच्या डॅशकॅमचं बरं आहे. २०२१च्या नियमांत त्याला नावानिशी जागा आहे आणि त्याने टिपलेल्या चुकीचं चलन थेट मोबाईलवर येतं. त्याचा रंग मला कुणी कळवलेला नाही.

मेहुण्याने जालन्याचा दाखला दिला. तिथल्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, हे निवडणूक कार्यालयाच्याच चित्रीकरणात होतं. मागूनही तेव्हाच्या कायद्याखालचं असंच प्रमाणपत्र मिळेना. खोतकर आणि गोरंट्याल या उमेदवारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२०मध्ये निकाल लागला : प्रमाणपत्र हवंच. मात्र मूळ उपकरणच कोर्टात आणून मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही.

"म्हणजे कॅमेराच घेऊन जा," मेहुणा म्हणाला.

कॅमेरा दुहेरी चिकटपट्टीने काचेला असा बसलाय की हलत नाही. गॅरेजवाल्याने ओढून पाहिला आणि काचेसकट काढायचा खर्च सांगितला. त्यात चार आरसे येतात, बसवणावळीसह.