वेंगुर्ल्याच्या क्रॉफर्डात बांगडे कसे घ्यावेत : चाकरमान्यांसाठी मार्गदर्शन

बाजारात निघण्याआधी घरात वार विचारावा. सोमवारी पिशवीतून बांगड्याचे शेपूट डोकावले तर उंबऱ्यातच सत्कार होतो.

नावाला भुलू नये. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट 1869 चे. ज्या आर्थर क्रॉफर्डचे नाव त्याला मिळाले, त्या साहेबाची नोकरी पुढे हाताखालच्या माणसांकडून कर्जे काढण्यापायी गेली. तेव्हा क्रॉफर्ड नावाच्या कुठल्याही इमारतीत उधारी मागू नये. मुंबईकरांनी पाटी बदलून महात्मा फुले मंडई केली. वेंगुर्लेकर अजून क्रॉफर्डातच जातात.

हाफपँट आणि गॉगल घालून गेल्यास भाव आपोआप चढतो. जुना लेंगा बरा. पण त्याने फार तर पहिला मिनिट निभावतो, कारण कोळीण तोंड उघडेपर्यंत थांबते. 'बांगडा कसा दिला?' विचारलेत की संपले. 'कसो वाटो गे बाये?' असे म्हणावे. एवढे जमले तरी पुढचा प्रश्न येतोच, 'खयचे तुम्ही? कोणाकडले?' इथे खोटे बोलू नये. तिला तुमचे आजोळ, जमिनीचा वाद आणि गेल्या गणपतीला तुम्ही का आला नाहीत, हे सगळे ठाऊक असते. मग मासा पाहावा. कल्ला उचलून लाल आहे का बघावे, डोळा पाणीदार हवा. बोटाने दाबून बघायचा मोह मात्र आवरावा.

'दाबतास कित्याक? मासो तो, हापूस नाय!'

यावर हसावे आणि पैसे द्यावेत. डच 1637 पासून इथे व्यापाराला बसले आणि त्यांनी वखारीला भक्कम तट घातला. इतिहासकार शत्रूचे कारण देतात. आमचा संशय घासाघिशीवर आहे.

वाटा पिशवीत पडला की एक जास्तीचा मागायचा असतो. न मागणारा माणूस इथे संशयास्पद ठरतो. ती 'परवडना नाय' म्हणेल आणि टाकेल. टाकलेला बांगडा सगळ्यांत लहान असतो, त्याची तपासणी करू नये.

तिरफळे आणि सोले शेजारच्या म्हातारीकडे मिळतात. तिरफळे तिखल्यात घालायला विसरलात तर बांगडा कितीही ताजा असो, दोष तुमच्यावरच येणार. मीठ घ्यायचेच तर शिरोड्याचे मागावे. 1930 साली लोकांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या आहेत, तुम्ही निदान घासाघीस तरी करू नका.

वखारीचे अवशेष बघायचे असतील तर बाजाराआधी बघून या. बांगडे हातात घेऊन गेलात तर मागे येणाऱ्या मांजरांना तिथला इतिहास तुम्हीच समजावायचा.