पल्ली चटणीचा पंचनामा

महाराष्ट्राच्या सीमेवरच्या, तेलंगणातल्या भैंशाच्या माणसाला मशीनचं कौतुक सांगायला जाऊ नये. दर हिवाळ्यात तो कापूस घेऊन मार्केट यार्डात जातो, तेव्हा पहिला रामराम मशीनलाच घालतो. ट्रॅक्टर उभा राहतो, एक माणूस वर चढतो, मीटरची सळई ढिगात खुपसतो आणि आकडा पुकारतो. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पुरा भाव, पुढे दर टक्क्याला कात्री, आणि 12 च्या वर गेला की ट्रॅक्टर वळवा. सळई वरच्या थरात खुपसायची की तळाला, पहाटेचं दव कुणाच्या खात्यावर मांडायचं, हे मात्र मीटर धरणारा ठरवतो. शेतकरी म्हणतो, ‘साहेब, परवाच वाळवलाय हो.’ साहेब म्हणतात, ‘मी कुठं काय म्हणतोय? मशीन म्हणतंय.’

आता असंच मशीन जेवणाच्या ताटापर्यंत पोचलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कंपनीने 2017 मध्ये ‘निमा’ नावाचं खिशात मावणारं यंत्र बाजारात आणलं. वाटाण्याएवढा घास एका कुपीत टाकायचा, झाकण पिळायचं, कुपी यंत्रात सरकवायची. आत घास कुटला जातो, औषधात कालवला जातो आणि अँटिबॉडी लावलेल्या पट्टीवर चढतो. गव्हातलं ग्लुटेन दहा लाखांत 20 भाग एवढं असलं तरी दोन-तीन मिनिटांत सापडतं. नसेल तर पडद्यावर हसरा चेहरा उमटतो. पुढच्याच वर्षी शेंगदाणा हुडकणारं भावंडही आलं. किंमत तेव्हा 280 डॉलरच्या आसपास होती, म्हणजे हमीभावाने विकलेला काही क्विंटल कापूस. वर प्रत्येक घासाला नवी कुपी, तिचे पाच-सहा डॉलर वेगळे.

समजा, आमचे एखादे हौशी काका हे शेंगदाण्याचं यंत्र घेऊन सकाळी सात वाजता इडलीच्या बंडीवर गेले. इडली तीस रुपयांची, तिची चौकशी पाचशेची. पल्ली चटणीचा थेंब कुपीत पडला आणि यंत्राने ठणाणा केला : शेंगदाणा सापडला! बंडीवाला अन्ना म्हणणार, ‘काका, किलोभर पल्ली भाजून मीच घातलीय, मला विचारायचं ना!’ मागे उभी गिऱ्हाइकं म्हणणार, ‘काका, बाजूला सरका, चटणी संपतेय.’

काका हिरमुसून घरी आले तरी सुटका नाही. तेलंगणाची चटणी रस्त्यावर राहिली, पण मराठवाड्याचा कूट घरात वाट बघतोय. वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, मेथीत कूट. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी; त्या दिवशी यंत्राला रजाच द्यावी. सीमेवर राहण्याचे फायदे पुष्कळ सांगतात, पण दोन्ही बाजूंनी शेंगदाणा येतो हे कुणी सांगत नाही.

बरं, ग्लुटेनचं तरी? ज्वारीत ते मुळातच नसतं. आमच्या आज्यांनी जन्मभर भाकरी थापली आणि ती ‘ग्लुटेन-फ्री’ आहे हे ठाऊक नसतानाच गेल्या. आता तीच ज्वारी शहरात चकचकीत पुडीत बसून दुप्पट-तिप्पट भाव खाते. खरी गंमत पिठाच्या गिरणीत आहे. आधीच्या बाईचे गहू दळून होतात, गिरणीवाला जात्याला दोन चापट्या मारतो आणि त्याच तोंडात आपली ज्वारी ओततो. पहिली ओंजळ कुणाची, हे त्यालाही सांगता येणार नाही. वर आमटीत बांधणीचा हिंग घातला की संपलं, कारण त्यात बहुधा गव्हाचंच पीठ असतं.

सरकार झोपलेलं नाही. 2020 च्या नियमांप्रमाणे पाकिटावर गहू, दूध, अंडं, मासे, सोयाबीन, शेंगदाणा असे पदार्थ जाहीर करावे लागतात. हॉटेलांनाही यादीवर लिहावं लागतं, पण केंद्रीय परवाना असेल किंवा दहा अथवा जास्त शाखा असतील तर. अन्नाची बंडी एकच आहे, त्यामुळे तो कायद्याच्या वर आहे.

आणि कायदा कडक केला की काय होतं, ते अमेरिकेकडून शिकावं. तिथं 1 जानेवारी 2023 पासून तिळाची नोंद सक्तीची झाली. पाव तिळापासून लांब ठेवायचा तर कारखाना धुवत बसा. त्यापेक्षा काही बेकऱ्यांनी पावात मुद्दाम तिळाचं पीठ घातलं आणि वेष्टणावर इमानदारीने ‘तीळ’ छापलं. ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांचाच पाव गेला. एवढी हुशारी तर आमच्या अडत्यांनाही सुचली नसती.

ताट तपासून झालं की रक्ताची पाळी. दोनशे पदार्थांची ‘इनटॉलरन्स’ तपासणी करून देतो म्हणणारे घरपोच नमुने नेतात. या तपासण्या ‘आयजीजी’ मोजतात, आणि ती बहुतेक आपण काय खात आलो एवढंच सांगते. ॲलर्जी तज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने 2008 मध्येच या कामासाठी ती करू नका म्हणून बजावलंय. खऱ्या ॲलर्जीच्या ‘आयजीई’चंही जपूनच. कर्नाटकातल्या एका पाहणीत 26.5 टक्के प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाबद्दल ती सापडली. खाऊन खरोखर ॲलर्जी होत असावी असे निघाले 1.2 टक्के. मधले पंचवीस टक्के म्हणजे धंदा. त्यांना चांगलं पचतंय, पण छापील अहवाल आहे ना!

थट्टा त्यांची, त्या 1.2 टक्क्यांची नाही. शेंगदाण्याचा कण पोटात गेल्यावर काही मिनिटांत ज्या लेकराचा घसा सुजतो, त्याच्या आईने यंत्र घेतलं तर तिला हसणारा मूर्ख. पण यंत्र फक्त कुपीतल्या घासाची हमी देतं, शेजारच्या घासाची नाही. आणि घसा आवळायला लागला की कामाला येतं ते ॲड्रेनलिन. त्याची अँप्यूल स्वस्त आहे, जुनी आहे, तिला बॅटरी लागत नाही. परदेशात मिळतं तसं स्वतःच टोचायचं तयार पेन आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही, आणि नांदेड किंवा निजामाबाद गाठेपर्यंत घसा थांबत नाही.

तेव्हा अमेरिकेतल्या पुतण्याला यंत्र आणायला सांगायच्या आधी आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दोन गोष्टी विचारा : ॲड्रेनलिन शिल्लक आहे का, आणि रात्री अकराला ते टोचायला कोण असतं? उत्तर मिळालं नाही तर आमदारांना विचारा.