दुप्पट दाम, दीडपट काम, चौपट घाम

एक ग्राफिक्स कार्ड घेणारा माणूस गेम खेळतो. दोन घेणारा पंख्यांचा अभ्यास करतो.

हिशेब तसा सरळ वाटतो. एक कार्ड सेकंदाला साठ फ्रेम देतं, तर दोन कार्डं एकशेवीस देतील. सातवीतलं त्रैराशिक. अडचण एवढीच की सिलिकॉन सातवी पास नाही.

विकणारे मात्र पास आहेत.

दोन कार्डांतली कामाची वाटणी साधारण अशी असते: सम फ्रेम एकाची, विषम दुसऱ्याची. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात एक फ्रेम लवकर येते, दुसरी रेंगाळते आणि चित्र बारीक बारीक हिसके देत चालतं. कोपऱ्यातला आकडा एकशेदहा दाखवतो, डोळ्याला सत्तरचं सुख मिळत नाही. 2013 साली लोकांनी सरासरी सोडून एकेका फ्रेमचा वेळ मोजला, तेव्हा हे उघडं पडलं. त्याच ऑगस्टमध्ये एएमडीला फ्रेम समान अंतराने सोडणारा ड्रायव्हर आणावा लागला.

तोवर काय? तोवर सरासरी छान होती.

मेमरीचंही तेच. 2014 च्या रेडिऑन आर9 295एक्स2 या दोन चिपांच्या कार्डावर आठ जीबी लिहिलेलं असे. दोन्ही चिपांना तोच मजकूर आपापल्या चार जीबीत वेगळा ठेवावा लागायचा. म्हणजे आठ जीबी विकत घ्यायचे आणि चार वापरायचे. यालाच प्रीमियम म्हणतात.

एक गोष्ट मात्र अगदी प्रामाणिकपणे दुप्पट होते. उष्णता.

कार्डाने खाल्लेला जवळपास प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. आरटीएक्स 3090 चा रतीब 350 वॅटचा. दोन घेतली की 700. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, बाकीचं गणगोत धरा. हजारच्या आसपास जाल. हजार वॅटचा हीटर आपण महाबळेश्वरलाही डिसेंबरातच लावतो. इथे तो ठाण्यात लावायचा, मे महिन्यात, खिडक्या बंद करून.

वर आई विचारते, ‘खोलीत एवढं कसलं गरम होतंय रे?’ उत्तर येतं, ‘अँबियंट आहे.’

आता कॅबिनेटच्या आत डोकावू. खरी गंमत तिथे आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्डं आडवी बसतात, पंखे खालच्या दिशेला. वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या पाठीकडे तोंड करून असतात. मध्ये फट बोटभर, कधी तीही नाही. खालचं कार्ड तापतं, हवा तापवतं, ती हवा वर जाते आणि वरचं कार्ड तीच आत ओढतं. वरचं कार्ड म्हणजे सकाळच्या विरार लोकलमधला प्रवासी: हवा मिळते, पण आधी कोणीतरी वापरलेली.

म्हणून दोन सख्खी, एकाच खोक्यात जन्मलेली कार्डंसुद्धा कधी सारख्या तापमानाला चालत नाहीत. वरचं सहज दहा-बारा अंशांनी पुढे असतं. मग ते स्वतःचा वेग कमी करतं. आणि सम-विषमची वाटणी असल्यामुळे खालचं थंड कार्ड वरच्याची वाट बघत बसतं.

दोघांचा पगार द्यायचा, काम आजारी माणसाच्या गतीने.

3090 ने यात स्वतःची भर घातली. त्याच्या चोवीस मेमरी चिपांपैकी बारा कार्डाच्या पाठीवर आहेत. पाठीला पंखा नसतो. म्हणजे खालच्या 3090 ची तापलेली पाठ थेट वरच्या 3090 च्या तोंडाशी. हे ज्याने आखलं, त्याने दोन कार्डं एकावर एक ठेवून पाहिली होती का? की ठेवून पाहिली, म्हणूनच पुढच्या 3090 टीआयमध्ये सगळ्या चिपा समोर आणल्या?

कूलरच्याही दोन जाती. एक ब्लोअर: एकच नळकांड्यासारखा पंखा, हवा आत घेतो आणि कॅबिनेटच्या मागून सरळ बाहेर फेकतो. दिसायला कुरूप, आवाजाला कर्कश. दुसरी जात दोन-तीन मोठ्या पंख्यांची: शांत, देखणी, दिव्यांनी नटलेली. ती गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडते. एकटं कार्ड असेल तर दुसरी जात बरी. जोडी असेल तर पहिली.

बहुतेकांनी जोडीने दुसरी जात घेतली. दिवे होते ना!

आवाजाचं गणित जरा वेगळं आहे. सारख्याच आवाजाचे दोन पंखे लावले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. इतकं चालतं. पण गुदमरलेलं वरचं कार्ड पंख्याचा वेग वाढवतं, आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण पंधरा डेसिबलने चढतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. पुढचं गणित तुमचं तुम्ही करा, कानात बोटं घालून.

थोडक्यात, त्रास दुसऱ्या कार्डाच्या पंख्याचा नाही. दुसऱ्या कार्डामुळे ओरडणाऱ्या पहिल्याचा आहे.

बरं, कंपन्यांना हे कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. 1998 साली थ्रीडीएफएक्सची दोन व्हूडू2 कार्डं जोडता यायची, तेव्हा बहुतेक कार्डांवर पंखाच नव्हता. 2003 मध्ये जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा आलं आणि इतकं घोंगावलं की एनव्हिडियाने स्वतःच त्याची टिंगल करणारा व्हिडिओ काढला. स्वतःच्या चुकीवर हसणारी कंपनी विरळा. हसून किंमत तीच ठेवणारी मात्र सर्रास.

2010 चं जीटीएक्स 480 नव्वदीत रमायचं. 2013 च्या आर9 290एक्सच्या वेळी एएमडीने सांगूनच टाकलं की 95 अंश हे नेहमीचंच तापमान, घाबरू नका. वर एक खटका दिला: एका बाजूला शांत, दुसऱ्या बाजूला ‘उबर’. ‘उबर’ म्हणजे पंखा अधिक जोरात. लोकांनी खटका कुठे ठेवला असेल, सांगायला हवं?

ॲपलही या वाटेने गेली, आणि तीही ऐटीत. 2013 चा नळकांड्याच्या आकाराचा मॅक प्रो: आत दोन ग्राफिक्स कार्डं, मध्ये तिकोनी धातूचा गाभा, वर एकच पंखा. डिझाइनवाल्यांनी मुजरे केले. 2017 मध्ये कंपनीने कबूल केलं की उष्णतेच्या बाबतीत आपणच आपल्याला कोपऱ्यात कोंडून घेतलं. गोल यंत्रात कोपरा शोधणं, हे त्यांनाच जमावं.

आता आपल्याकडचा हिशेब. कार्डाची परीक्षणं होतात ती बावीस-पंचवीस अंशांच्या खोलीत. कूलर काही हवा थंड करत नाही. तो खोलीपेक्षा अमुक अंश वर, एवढंच सांभाळतो. पंचवीसच्या खोलीत अठ्ठ्याहत्तर दाखवणारं कार्ड पंखा तेवढाच ठेवून पंचेचाळीसच्या नागपुरात नेलं तर अठ्ठ्याण्णव होतं. होऊ देत नाही, हा भाग वेगळा. आधी किंचाळतं, मग मान टाकतं.

परीक्षण वाचायचं कॅलिफोर्नियातलं आणि खेळायचं धंतोलीत. मग दोष कोणाचा? अर्थात विदर्भाचा.

शिवाय आपलं ते कॉम्प्युटर टेबल. सुताराकडून खास बनवून घेतलेलं, सनमायका लावलेलं, ‘सीपीयू’साठी खाली दार असलेला बंद कप्पा. मागे वायरीपुरतं भोक. दीड लाखाची कार्डं आणायची आणि त्या कप्प्यात कोंडायची. दाराला कुलूपही असतं, बरं का. पळून जातील म्हणून.

आणि भिंतीपाशी सहाशे व्हीएचा यूपीएस. तो साडेतीनशे वॅटच्या आसपास दम धरतो. समोर हजार वॅटचं यंत्र. वीज गेली की यूपीएस एकच बीप करतो. निरोपाचा.

उपाय? बाजारात उपायांना तोटा नाही. समोर काच असलेला कॅबिनेट घ्या, त्यात सात पंखे बसवा. काचेतून हवा येत नाही? मग आठवा बसवा. जाळीच्या तोंडाचा साधा कॅबिनेट आणि समोर दोन बरे पंखे याने जे होतं, ते काचेमागच्या रोषणाईने होत नाही. पण जाळीतून दिवे दिसत नाहीत ना नीट.

मग येतं लिक्विड कूलिंग. 295एक्स2 कारखान्यातूनच पाण्याची नळी घेऊन आलं होतं, कारण 500 वॅट हवेवर निघणार नव्हते. चिप थंड राहते, आवाज कमी होतो, हे खरंच. पण पाणी उष्णता पीत नाही, वाहून नेतं. चिपवरून रेडिएटरवर, रेडिएटरवरून खोलीत. म्हणजे आई अजून तोच प्रश्न विचारते आहे.

तर एसी लावा. एक टनाचा एसी खोलीतून साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातले हजार तुमच्या कॅबिनेटचे. एसीचा पाव टनाहून जास्त भाग उन्हासाठी नाही, माणसांसाठी नाही, राक्षस मारण्यासाठी चालू. बिल दोनदा: एकदा उष्णता तयार करण्याचं, एकदा ती हाकलण्याचं. महावितरणने अशा गेमरांचा सत्कार करायला हवा.

काही जण कॅबिनेटचं झाकण काढून शेजारी टेबल फॅन लावतात. हसू नका. अनेक महागड्या उपायांपेक्षा याचा गुण बरा येतो.

खरे उपाय फुकट आहेत. म्हणूनच त्यांची जाहिरात नाही.

पहिला: फ्रेमला लगाम घाला. मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवणार, कार्डं दोनशे काढणार. उरलेली एकशेचाळीस कोणासाठी? 2010 मध्ये स्टारक्राफ्ट 2 च्या मेनूतच कार्डं तापू लागली, कारण स्थिर पडद्यावरही गेम फ्रेममागून फ्रेम काढत होता. लढाई नाही, धावपळ नाही, नुसता मेनू! शेवटी गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डने सेटिंग्जच्या फाइलमध्ये मर्यादेच्या दोन ओळी घालायला सांगितल्या. धडा घेतला? 2021 मध्ये ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमच्या चाचणीत काही 3090 कार्डं दगावली. एका कार्ड कंपनीने आपल्या सोल्डरिंगचा दोष मान्य केला, आणि गेमवाल्यांनी मेनूला फ्रेमची मर्यादा घातली. अकरा वर्षांनी. पुन्हा मेनूच.

दुसरा: व्होल्टेज उतरवा. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा टक्के व्होल्टेज कमी केलं, वेग तोच राहिला, तर चिपच्या खटपटीवर जाणारी वीज साधारण एकोणीस टक्क्यांनी घटते. कारखाना सगळ्यात दुबळ्या चिपलाही पुरेल इतकं व्होल्टेज सगळ्यांना देतो. तुमची चिप बहुतेक तेवढी दुबळी नसते. थोडं थोडं उतरवायचं, गेम कोसळला की एक पायरी मागे यायचं. ना स्क्रू, ना नळी, ना कुरिअर.

पण हे मित्रांना दाखवायचं कसं? कमी व्होल्टेजचा फोटो निघत नाही.

तिसरा: मोकळी जागा आणि धूळ. मदरबोर्डवर जागा असेल तर दोन कार्डांत एक स्लॉट मोकळा सोडा, कॅबिनेट त्या कप्प्यातून बाहेर काढा आणि वर्षातून दोनदा हवा मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. मोकळा पंखा झोतात वाटेल तसा गरगरतो आणि बेअरिंगची वाट लागते. दिवाळीची साफसफाई माळ्यापर्यंत पोचते, कॅबिनेटपर्यंत पोचत नाही. तिथे लक्ष्मीला प्रवेश नाही, बहुधा तापमानामुळे.

एवढं सगळं होऊन जोडीचं पुढे काय झालं? बनवणाऱ्यांनीच घटस्फोट दिला. एनव्हिडियाच्या 2020 च्या पिढीत गेमरांच्या कार्डांपैकी जोडणीची सोय फक्त 3090 आणि 3090 टीआयला उरली. जुन्या कार्डांसाठी नव्या गेमांची जुळणी एनव्हिडियाने 1 जानेवारी 2021 पासून थांबवली. 4090 वर तर जोडायची पट्टी लावायला जागाच नाही. वीस वर्षं विकलेली गोष्ट एक दिवस गुपचूप गायब. माफी? परतावा? कसले प्रश्न विचारता!

आणि तरी जोडी परत आली. गेमसाठी नव्हे, घरच्या घरी एआय चालवण्यासाठी. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद पडलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. आता लोक दोन जुनी 3090 घेतात, चोवीस आणि चोवीस अठ्ठेचाळीस जीबी करतात आणि घरात भाषेचं मॉडेल पाळतात. इथे मेमरीची बेरीज खरोखर होते, हे मान्य. पण पाठीवरच्या बारा चिपा त्याच आहेत, मधली फट तीच आहे. फक्त पूर्वी राक्षस मेल्यावर कार्डाला उसंत मिळायची. आता त्याला रात्रभर निबंध लिहायचे असतात.

ज्यांनी एकाच कार्डात समाधान मानलं, त्यांनीही फार शहाणपणाचा आव आणू नये. 2016 चं जीटीएक्स 1080 घ्या: 180 वॅट. तीन एकत्र केली तरी 540. 2025 चं आरटीएक्स 5090 एकटंच 575 खातं. दुसरं कार्ड गेलं कुठे, असं विचारू नका. ते पहिल्यातच शिरलं, येताना तिसऱ्यालाही घेऊन आलं.

कंपनी त्याच्यासाठी किमान हजार वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. एसी किती टनाचा, ते मात्र खोक्यावर छापत नाहीत.